धूर शेजाऱ्याचा

भंतेंनी हात पुढे केला तो खंजिरी बघायला. मी त्यावर मळलेली तंबाखू ठेवली.

सांगायला लाज वाटते, पण सुरुवात इथूनच करावी लागेल. आमचं गाव आर्णीजवळ. छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, त्यानंतर काही वर्षांनी नागपूरहून एक भंते आमच्याकडे आले होते. त्यांनी पंचशील दिलं. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आम्ही सगळ्यात मोठ्या आवाजात म्हटलं. मग आमच्या गायन पार्टीनं व्यसनावरचं गाणं म्हटलं आणि मी लोकांना त्याचा अर्थ सांगितला. अर्थ सांगतानाच माझा उजवा अंगठा डाव्या तळहातावर आपलं काम करत होता. तंबाखू, चुना, मळा, थापटा. मी काय बोलतो ते माझ्या अंगठ्याला कधी ऐकूच आलं नाही.

आणि आमच्याकडची रीत अशी, की पसरलेल्या हाताला तंबाखू नाही म्हणायचं नाही. वैरी असला तरी नाही. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कोर्टात भांडणारे दोघं भाऊ तारखेला एकाच बसनं जातात आणि एकाच चंचीतली खातात. तेव्हा समोर तळहात दिसला आणि माझ्या बोटांनी चिमूट ठेवली.

"हे काय?" भंतेंनी विचारलं.

"भंते, ही दारू नाही," मी म्हणालो.

 भंतेंनी चिमूट परत माझ्या हातावर ठेवली आणि बोटं धुवायला पाणी मागितलं. मांडव हसत होता. आणि मी? वाया कशाला घालवायची, म्हणून ती चिमूट गालात सारली.

तोंडात न भरणारा फोड घेऊन कुणी हे वाचत असेल, तर त्यानं इथंच थांबावं आणि यवतमाळची बस धरावी. उरलेलं परत आल्यावर वाचता येईल.

अर्थवाला

आमच्या पार्टीत सुदाम गायचा. गळा असा, की बैलसुद्धा रवंथ थांबवेल. मी खंजिरी वाजवायचो आणि प्रत्येक कडव्यानंतर अर्थ सांगायचो, कारण सातवी शिकलेला मी एकटाच. लोक मला 'अर्थवाले भाऊ' म्हणत. माझं नाव महादेव. धर्म बदलला तरी नाव राहून गेलं, म्हणून त्या नावापेक्षा 'अर्थवाले भाऊ' हेच मला जास्त आवडायचं.

ते गाणं असं होतं ('जयते' म्हणजे आमच्या बोलीत 'जळतं'):

घर जयते, बाई, घर जयते
म्हणे, धूर शेजाऱ्याचा येते

पाय अडखळला, म्हणे वाट वाकडी
हात थरथरला, म्हणे हवाच थंडी
पोरगं रडते, म्हणे सवय त्याची
बायको रडते, म्हणे खोड तिची

पाणी घेऊन धावली अस्तुरी
म्हणे, काहून भिजवली ओसरी?

हे गाणं कुणी रचलं, ठाऊक नाही. सुदामच्या मावशीकडून आलं आणि पार्टीचंच होऊन गेलं. पहिल्या कडव्याचा अर्थ सांगायला मला काही कष्ट नव्हते. मी फक्त पुढे बसलेल्या किसनकडे बघायचो. किसन मोहाची पिणारा. त्याला आम्ही मुद्दाम पहिल्या ओळीत बसवत असू, म्हणजे दाखवायला बरं. "पाय कोणाचे अडखळतात?" मी विचारायचो. पोरं ओरडायची, "किसनचे!" किसनही हसायचा. मला वाटायचं, याला लाज वाटते आहे, चांगलं आहे.

शेवटच्या कडव्याला मात्र मी खास आवाज लावायचो. "अस्तुरी म्हणजे बायको नव्हे बरं का, मंडळी! अस्तुरी म्हणजे बुद्धी. पाणी म्हणजे ज्ञान. आणि ओसरी म्हणजे हा आपला देह." लोक माना डोलवायचे. बायकांच्या बाजूला बसलेली माझी बायको अनसा तेव्हा काय करत असे, ते मी कधी बघितलं नाही. ज्ञान सांगणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

पोटासाठी मी आर्णीच्या एका जिनात रेच्यावर होतो. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढणारी मशीन. हंगामात तिथं हवेत रुईचं धुकं असतं. सगळे कामगार सांगायचे, गालात तंबाखू असली की फुफाटा घशात उतरत नाही. मीही सांगायचो. हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेल्या महिन्यांत कोणता फुफाटा अडवत होतो, हे मला कुणी विचारलं नाही. मी विचारूच दिलं नसतं.

पहिला फोड

पहिल्यांदा फोड मला दिसला नाही, अनसाला दिसला. मी झुणक्याचा घास डाव्या गालाकडून उजव्या गालाकडे सरकवला, तेवढ्यावरून.

"आवो, तोंड दाखवा बरं."

"कायले?"

"तिकडून चावून नाई राह्यले तुम्ही. लय दिवसाचं पाहून राह्यली मी."

मी म्हणालो, दात गालाला घासला. दुसऱ्या वेळी म्हणालो, चहा गरम होता. तिसऱ्या वेळी सरकीचं कुसळ टोचलं. आमच्या जिनातल्या सरकीला टोचण्याजोगं कुसळ नसतं, हे तिला माझ्याइतकंच माहीत. तिचं माहेर कापूस वेचणाऱ्यांचंच.

एका सकाळी तिनं तुरटी घातलेलं कोमट पाणी तांब्यात आणलं. "चूळ भरा. अन् ते गालातलं आधी थुका." मी ओसरीवर दाढी करत बसलो होतो. तिनं तांब्या माझ्या तोंडाजवळ धरला आणि मला काय झालं कोण जाणे, मी हातानं तो उडवला. तांब्या गडगडत अंगणात गेला. सारवलेल्या ओसरीवर पाणी पसरलं.

"काहून भिजवली सारी ओसरी?" मी तिच्यावरच ओरडलो. "आता कुठी बसू मी?"

तिनं तांब्या उचलून आणला. पोतेऱ्यानं पाणी टिपलं. मी दाढी पूर्ण केली. संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता, अर्थ सांगायला जायचं होतं.

फोडाचे अर्थ

मग गावाला कळलं. आणि ज्यानं जन्मभर अर्थ सांगितले, त्याच्या गालाचे अर्थ आता गाव सांगू लागलं.

पाटलांच्या म्हाताऱ्या बाई रस्त्यात थांबून म्हणाल्या, "महाद्या, माय नदीत टाकली ना रे तुम्ही? ती तोंडात फुटली आता." दीक्षेच्या वर्षी आम्ही घरातले देव अरुणावतीत सोडले होते, त्याबद्दल हे बोलणं. माझ्या चुलतभावाचं मत, कुणीतरी करणी केली, कारण माझा मान लोकांना बघवत नाही. सुदाम म्हणाला, उंच पट्टीत अर्थ सांगून सांगून गाल फाटला असेल.

आज लिहितानाही माझे कान तापतात. पाटलीणबाईंचा तर मला असा राग आला, की मी वस्तीत सभाच घेतली. देवीबिवी काही नसते, फोड हा फोड असतो, हे मी तासभर समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. देवीमुळे झालं नाही हे सिद्ध करण्यात मी असा गुंतलो, की मग कशामुळे झालं, हा प्रश्न माझा मलाच पडला नाही. सभेनंतर चार जणांनी माझ्यापुढे चंची धरली. मी चारही घरच्या चिमटी घेतल्या. विजयी माणसाला नाही कसं म्हणवेल?

त्या दिवशी किसनच तेवढा मागे थांबला. जरा चढलेली होतीच.

"महादेव, एक इचारू?"

"इचार."

"मायी सुटत नाई तं मी बेवडा. तुयी सुटत नाई तं तू कोन?"

"अबे, तंबाखूनं कोनाचा संसार बुडला?" मी म्हणालो. बोलताना फोड दुखला, म्हणून गालावर हात ठेवून म्हणालो.

निदानाचा दिवस

पुढे तोंड दोन बोटंच उघडू लागलं. भाकरी दुधात कुस्करूनही जाईना. तेव्हा अनसानं मला विचारलं नाही. शेजारणीकडे घर सोपवलं, धडुत्यात भाकरी बांधल्या आणि म्हणाली, "चला, यवतमाळले." मी नाही म्हणणार होतो, पण तोंड पुरेसं उघडेना.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. बॅटरी लावून त्यांनी गालात बघितलं, गळ्याखाली चाचपलं.

"तंबाखू खाता?"

"थोडीशी. फुफाट्यापुरती."

"झोपेतबी ठेवते जी," अनसा म्हणाली. "उशीवर लाळ पडते तिच्यात दिसते."

मी तिच्याकडे असं बघितलं, जसं भर पंचायतीत तिनं माझं धोतर ओढलं असावं. डॉक्टर तिच्याशी बोलू लागले, माझ्याशी नाही. ही गाठ साधी वाटत नाही. कॅन्सर असावा. नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्या, उद्याच न्या. तिनं एकच विचारलं, "वाचते ना जी?" डॉक्टर म्हणाले, "लवकर आला असता तर मी लगेच हो म्हणालो असतो."

बाहेर येऊन मी बाकावर बसलो.  आणि अशा वेळी हातानं काय करावं? हात खिशात गेला, चंची शोधायला. चंची नव्हती. अनसानं ती कधीच काढून घेतली होती.

मी तिला शिवी दिली. दवाखान्याच्या दारात, चार लोकांत. कॅन्सर ऐकून मी रडलो नव्हतो. तंबाखू नाही म्हणून रडलो. याहून स्पष्ट निदान कोणता डॉक्टर करणार?

वॉर्ड

नागपूरला गालाचा तुकडा काढला. मग उरलेल्या भागात रेडियमच्या सुया खोचल्या. सुया असेतो घरच्यांनी जवळ यायचं नाही, त्यांतून किरणं निघतात. जमिनीवर पांढरी पट्टी मारलेली, अनसा तिच्यापलीकडे भिंतीला टेकून बसायची. बोलायची बंदी. तिला काही सांगायला मी पाटी-पेन्सिल मागून घेतली, आणि मग आठवलं, तिला वाचता येत नाही. साऱ्या जगाला अर्थ सांगत फिरलो, बायकोला अक्षर शिकवायचं राहिलं.

वॉर्डचा दिवस ठरलेला. सकाळी झाडूवाली, मग सिस्टर, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. नाकातल्या नळीतून दूध. शेजारच्या खाटेवर हिंगणघाटकडचा एक म्हातारा होता, त्याची जीभ अर्धी काढलेली. त्यालाही बोलता येत नसे. आम्ही दोघं डोळ्यांनी सिस्टरच्या नकला करायचो. हसलं की टाके दुखायचे, म्हणून हसायचंही ठरवून, हळू. दुपारी अनसा अंगणातल्या चुलीवर भात शिजवायची आणि खिडकीतून भांडं उंच करून दाखवायची: जेवले हो मी. एवढ्यावर माझा दिवस निघायचा.

बाकी वेळ ते गाणं डोक्यात फिरायचं. आवाज नसला की गाणं जास्त ऐकू येतं. पडल्या पडल्या मी पहिल्यांदा त्याचा एकेक शब्द नीट तपासला आणि मला घाम फुटला. त्या गाण्यात दारू कुठेच नाही. बाटली नाही, मोहा नाही, भट्टी नाही. इतकी वर्षं ती मीच ओतत आलो होतो. गाण्यात आहे ते एवढंच: 'म्हणे'. हा म्हणे, तो म्हणे. वाट वाकडी म्हणे, हवा थंडी म्हणे. दात घासला म्हणे, चहा गरम म्हणे, कुसळ टोचलं म्हणे. ज्यानं रचलं त्यानं व्यसनाचं नाव मुद्दाम मोकळं सोडलं होतं, ज्याचं त्यानं भरावं म्हणून. मी तिथं किसनचं नाव भरलं आणि त्याला पुढे बसवून मिरवलं.

असा राग आला मला. माझा आला, सुदामचा आला, माना डोलवणाऱ्या लोकांचा आला. एकानं तरी उठून म्हणायचं होतं, अर्थवाले भाऊ, तुमच्या गालात काय आहे? पण म्हणणाऱ्याच्याही गालात तेच होतं.

पसरलेला हात

सुया काढल्यावर सुदाम भेटायला आला. संत्री घेऊन आला. ज्याला पाणी गिळता येत नाही त्याला संत्री, पण नागपूरला येऊन संत्री न आणणं त्याला बरं दिसेना. माझा चेहरा बघून तो रडला. मग काय करावं सुचेना म्हणून खिडकीशी उभा राहून त्यानं चंची काढली आणि मळू लागला.

तो आवाज. अंगठ्याची सरसर, मग दोन बोटांनी थापटणं, उडालेला चुना. माझ्या फाटलेल्या, शिवलेल्या, रेडियमनं भाजलेल्या तोंडाला पाणी सुटलं. लाळ टाक्यांवरून वाहून झोंबली. आणि मी हात पसरला.

मला माहीत होतं. सगळं माहीत होतं मला तेव्हा. गाण्याचा खरा अर्थ नुकताच कळला होता. तरी हात पसरला. कळणं आणि सुटणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी व्यसनी माणसाला उपदेश करू नये.

आणि सुदामनं, डोळे पुसत पुसत, माझ्या हातावर चिमूट ठेवली. पसरलेला हात होता ना. रीत होती ना. त्याचाही अंगठा बहिराच.

अनसानं खालून माझ्या हाताला फटका मारला. तंबाखू चादरीवर, सुदामच्या सदऱ्यावर, म्हाताऱ्याच्या खाटेपर्यंत उडाली. सारा वॉर्ड बघत होता. "याद राखा भाऊजी!" ती सुदामला म्हणाली. "पुन्हा हे काढलं तं तुमच्या तोंडात चूल घालीन मी."

मी पाटी ओढली आणि लिहिलं: चालती हो. माझ्या घरात पाय ठेवू नको.

पाटी तिच्यासमोर धरली. तिनं अक्षरांकडे बघितलं, मग सुदामकडे. "काय म्हनते?"

सुदामनं अक्षरं जुळवत पाटी वाचली.  जन्मभर त्यानं गायलं आणि मी अर्थ सांगितला होता. त्या दिवशी मी लिहिलं आणि अर्थ त्यानं सांगितला.

"पानी मांगते, वयनी," तो म्हणाला. "तहान लागली म्हनते."

अनसा उठली. माठातलं पाणी आणलं, कापसाचा बोळा त्यात भिजवला आणि माझ्या ओठांवर फिरवू लागली. मी पाटी पुसून टाकली. सुदाम संत्री तिथंच ठेवून निघून गेला.

परत आल्यावर

तंबाखू त्या दिवशी सुटली नाही. सुटली म्हणणं मला आवडतही नाही. आजसुद्धा कुणी बाजूला मळू लागलं की मी उठून जातो. वैराग्यामुळे नाही, भीतीमुळे.

चेहरा डावीकडे ओढला गेला आहे. लहान पोरं आधी घाबरतात, मग नकला करतात. बोलताना अर्धे शब्द हवेतच सांडतात. जिनातलं काम गेलं. घरातले सगळे माझ्यासमोर मोठ्यानं बोलतात, जसे काही माझे कान कापले आहेत.

वस्तीतल्या लोकांनी आग्रह केला, म्हणून पुढच्या वर्षी दीक्षेच्या दिवशी मी पुन्हा अर्थ सांगायला बसलो. किसन सवयीनं पहिल्या ओळीत येऊन बसला. मी म्हणालो, "किसन, बस तुले वाट्टेल तिथी."

"आज मायी सुट्टी हाय का?" तो म्हणाला आणि मागे जाऊन खांबाला टेकला.

सुदाम गायला. मी माझ्या फुटक्या बोलीत सांगितलं, की या गाण्यात दारू नाही. ज्याचं घर जळतं तो मी. ते 'म्हणे, म्हणे' माझं. हा गाल बघा आणि आपापली चंची बघा. बायका रडल्या. पुरुष खाली बघत राहिले. शेवटच्या कडव्याला मी म्हणालो, "अस्तुरी म्हणजे बुद्धीबिद्धी काही नाही. ती तिकडं बसली आहे." अनसानं पदर कपाळावर ओढला. पाटलांच्या म्हाताऱ्या बाईही ऐकायला आल्या होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "देवीचंच हाय ते. कबूल नाई करत."

कार्यक्रम संपला. मंडळी उठली, दहा पावलं गेली, आणि मागून मला तोच आवाज ऐकू आला. सरसर, थापटणं. एक नाही, कितीतरी तळहातांवर. सुदामचासुद्धा. गाण्यानं गळा भरून आला होता सगळ्यांचा, मोकळा करायला काहीतरी पाहिजेच ना.

मी असा चिडलो, की तडक घरी निघालो. घरी आल्यावर भडकलो तो अनसावरच. कशाला सांगायचा अर्थ? कोणाला सांगायचा? वॉर्डात माझ्या हाताला फटका मारला नसतास, तर आज मीही त्यांच्यातच उभा असतो मळत, किंवा कुठंच नसतो. मग इतके दिवस गळ्यात अडकलेलं होतं, ते काढून टाकावं म्हणून म्हणालो, "त्या दिवशी पाटीवर मी पाणी मांगितलं नव्हतं, अनसा. दुसरंच लिहिलं होतं."

ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ठाव हाय मले. पानी मांगनाऱ्याचं तोंड असं नसते."

"मग आणलंस कशाला?"

"घर जयते तवा कोनी लिवलेलं वाचत बसते काय जी?"